एम्प्रेस मिल: ‘इथे नोकरी करा’ म्हणणाऱ्यांची नागपुरी गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा असेल तर ऐका.)

आजचा विषय तुमच्या मोबाइलमध्येच आहे. लिंक्डइन उघडा, दोन मिनिटं स्क्रोल करा. कुठल्या तरी कंपनीच्या ऑफिसात केक कापला जातोय. कुणाच्या तरी पहिल्या दिवशी टेबलावर बॅग, बाटली आणि टी-शर्ट ठेवलाय, आणि खाली लिहिलंय, ‘आमच्या कुटुंबात स्वागत’. कुठे ‘काम करायला उत्तम जागा’ असा बिल्ला मिरवलाय. कंपनी इथे तुम्हाला साबण विकत नाहीये, मोबाइल विकत नाहीये. ती तुम्हाला नोकरी विकतेय. म्हणजे स्वतःलाच विकतेय म्हणा ना.

याला म्हणतात एम्प्लॉयर ब्रँडिंग. गिऱ्हाइकाच्या मनात जसा मालाचा ब्रँड असतो, तसा काम करणाऱ्याच्या मनात मालकाचा ब्रँड. हा शब्द तसा नवाच आहे. सायमन बॅरो आणि टिम अँबलर या दोघांनी १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये यावर एक निबंध छापला आणि तिथून तो एचआरवाल्यांच्या तोंडी बसला.

पण शब्द नवा असला तरी त्यामागची डोकेदुखी जुनी आहे. चांगली माणसं आपल्याकडे यावीत कशी, आणि आलेली टिकावीत कशी? हा प्रश्न आपल्या नागपुरात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. तेव्हा शोधलेली उत्तरं पुढे देशाच्या कायद्यात जाऊन बसली. आणि त्याच गोष्टीचा शेवट असा झाला, की आज ऑफर लेटरवर सही करणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा तरी ऐकायला हवा.

चला तर मग, एम्प्रेस मिल!

तळ्याकाठी पुरलेलं सोनं

आजचे नागपूरकर ‘एम्प्रेस’ म्हटलं की मॉलच समजतात. गांधीसागर तलावाजवळचा एम्प्रेस मॉल. तो उभा आहे त्याच जागेवर ही मिल होती. गांधीसागरचं जुनं नाव जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, तेव्हा दोन्ही नावं एकच.

१८७० च्या दशकात कापडगिरणी काढायची तर मुंबईत, असाच शिरस्ता होता. बंदर तिथे, भांडवल तिथे, दलाल तिथे. जमशेटजी टाटांनी वेगळा हिशोब मांडला. कापूस पिकतो वऱ्हाडात आणि वर्ध्याकडे. कोळसा सापडतो वरोऱ्याला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आलेली. मग कापूस मुंबईला न्यायचा, तिथे कापड करायचं आणि पुन्हा इकडे आणून विकायचं, हा उलटा प्रवास कशाला? १८७४ मध्ये त्यांनी कंपनी काढली. नाव भलंमोठं: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. भांडवल १५ लाख रुपये.

जागा घेतली ती तळ्याकाठची, दलदलीची. भराव टाकून टाकून जमीन तयार करावी लागली. इथली एक गोष्ट जमशेटजींच्या चरित्रांमध्ये हमखास येते. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे पैसा मागितला, तर त्यानं नकार दिला. जो माणूस खड्ड्यात सोनं ओततोय त्याला पैसे कोण देईल, असा त्याचा सूर होता. पुढे मिल धो धो चालली तेव्हा त्यानंच कबूल केलं म्हणे, की या माणसानं जमिनीत सोनं घातलं नाही, माती घातली आणि सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला ‘भारताची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस. आता ब्रँडिंगच बघायचं तर नाव ठेवण्यातही डोकं होतंच. सरकार खूश, बाजारात वजन.

कारभार दिला बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. कापडधंद्याचा अनुभव शून्य. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच इंडस्ट्रीतून घेतलेला मॅनेजर. यंत्रांची बाजू सांभाळायला जेम्स ब्रूक्सबी नावाचा इंग्रज जाणकार होता.

पहिल्याच वर्षी पहिला धक्का

इथवर गोष्ट कशी छान चाललीय ना? कंपन्यांच्या ‘आमची वाटचाल’ पानावर असते तशी. पण त्या पानावर सहसा जे नसतं तेही ऐका.

भारतातल्या कामगार चळवळीचा इतिहास वाचायला घेतलात, तर सुरुवातीच्याच पानांवर एक नोंद भेटते: १८७७, एम्प्रेस मिल, नागपूर, मजुरीच्या दरावरून संप. देशातल्या गिरण्यांमधल्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी हा एक. म्हणजे पुढे जी मिल कामगार-कल्याणासाठी नावाजली गेली, तिच्याच दारात, ती सुरू झाली त्याच वर्षी, कामगारांनी हात थांबवले होते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण मालकाचा ब्रँड आपण नेहमी मालकाच्या तोंडून ऐकतो. भाषण मालकाचं, चरित्र मालकाचं, पुतळाही मालकाचाच. कामगाराला आपलं मत नोंदवायला तेव्हा ना ग्लासडोर होतं, ना अँबिशनबॉक्स. त्याच्या हातात एकच ‘रिव्ह्यू’ होता: काम बंद. तो त्यानं दिला, आणि दीडशे वर्षं झाली तरी कुणाला तो डिलीट करता आलेला नाही.

त्या काळी कामाचे तास किती होते, तेही सांगतो. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो फक्त मुलांसाठी. सात वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या पोराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही! ही सुधारणा बरं का. आणि मोठ्या पुरुष कामगारांच्या तासांवर कापडगिरण्यांमध्ये पहिली मर्यादा आली ती थेट १९११ मध्ये, दिवसाला बारा तास. त्याआधी उजाडलं की साचे सुरू आणि अंधारलं की बंद, हाच हिशोब.

आज येईल, उद्या येईलच असं नाही

मिलसमोरचा दुसरा प्रश्न संपापेक्षा चिवट होता. माणसं कामावर लागायची, पण रोज यायची नाहीत.

आणि का यावीत? जरा त्यांच्या जागी उभे राहा. नागपूरच्या आसपासचा माणूस शेतीवर जगणारा. पेरणी आली की गावाकडे, कापणी आली की गावाकडे, लग्नकार्य आलं की पंधरा दिवस. हातात चार पैसे आले की ते संपेपर्यंत मिलच्या धुळीत आणि गरमीत परत जायची घाई कुणाला? शिवाय नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. बाहेर एवढी आग, तर कापसाचे तंतू उडणाऱ्या बंद खात्यात काय होत असेल?

भरती त्या काळी देशभरातल्या गिरण्यांमध्ये जॉबर करायचा. कुठे त्याला मुकादम म्हणायचे. तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणायचा, आणि कामावर लावायची दस्तुरीही घ्यायचा. आजचं ‘रेफरल’ समजा; फरक इतकाच की आज रेफरल देणाऱ्याला बोनस कंपनी देते, तेव्हा तो कामगाराच्या खिशातून जायचा.

गैरहजेरीवर इतर मालकांचा तोडगा सोपा होता. दंड लावा, पगार कापा, काढून टाका. एम्प्रेस मिलनं वेगळी वाट धरली. आपण ज्याला आज ‘रिटेन्शन’ म्हणतो, त्याचं हे बहुधा भारतातलं सर्वांत जुनं ठळक उदाहरण.

काय काय केलं? एकेक बघू.

एक, जागाच सुधारली. हवा खेळती राहील अशी सोय, खात्यात ओलावा टिकवणारी यंत्रं, आग विझवणारे स्प्रिंकलर. आता इथे एक गंमत आहे. ओलावा कामगारासाठी होता की धाग्यासाठी? दोघांसाठी! कोरड्या हवेत सूत तुटतं. सूत तुटलं की उत्पादन घटतं. पण नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच ओलाव्याखाली माणूसही उभा राहू शकतो. कामगाराचं सुख आणि मालकाचा नफा एकाच नळातून आला.

दोन, म्हातारपणाची सोय. १८८६ मध्ये मिलनं पेन्शन फंड सुरू केला. पुढे प्रॉव्हिडंट फंडही आला. पोटापुरतं कमावून घरी जाणाऱ्या माणसाला हे नवीन होतं. ‘तू आज काम कर, आणि तुझ्या सत्तराव्या वर्षाचं आम्ही बघतो’ असं पहिल्यांदाच कुणी तरी म्हणत होतं.

तीन, अपघाताची भरपाई, १८९५ पासून. गिरणीत पट्ट्यात हात सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हती. हात गेला म्हणजे घर गेलं. त्या भीतीवर उत्तर दिलं.

चार, खेळांच्या स्पर्धा, बक्षिसं, कुटुंबासह कार्यक्रम. हो हो, तुमच्या कंपनीचा ‘फॅमिली डे’. तो कॅलिफोर्नियातून आलेला नाही.

पाच, शिकलेल्या मुलांसाठी उमेदवारी. पदवीधर तरुणांना मिलमध्ये घेऊन काम शिकवायचं आणि त्यांच्यातूनच पुढचे अधिकारी तयार करायचे. आजच्या ग्रॅज्युएट ट्रेनी योजनेची ही पणजी.

आता हा सगळा खटाटोप नेमका याच मिलला का सुचला? एक कारण यंत्रांत आहे. सुरुवातीला यंत्रांवर काटकसर झाली होती. ती भोवली आणि चांगली यंत्रं आणावी लागली. मग १८८० च्या दशकात या मिलनं ‘रिंग’ पद्धतीची सूतकताई आणली. तेव्हा इंग्लंडचे गिरणीवालेही तिच्याकडे शंकेनंच बघत होते. या यंत्रावर एकेका चातीतून जास्त सूत निघतं. पण नवं यंत्र आणि रोज बदलणारा माणूस हे गणित जमत नाही. शिकवलेला हात उद्याही यायला हवा. माणूस टिकवणं ही गरज होती, आणि ती ओळखणारा मालक मुंबईच्या मानानं दूर, कामगार मुबलक नसलेल्या शहरात बसला होता.

मग हे दान होतं का?

इथे आपल्याकडे दोन टोकं असतात. एक म्हणतं, टाटा म्हणजे देवमाणूस. दुसरं म्हणतं, भांडवलदाराचा सगळा कावा. जमशेटजींनी स्वतः काय सांगितलं ते बघणं बरं.

१८९५ मध्ये मिलच्या विस्ताराच्या समारंभात ते बोलले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: आम्ही इतरांपेक्षा जास्त निःस्वार्थी किंवा जास्त दानशूर आहोत असा आमचा दावा नाही. आम्ही सरळ, व्यवहारी तत्त्वांवर धंदा सुरू केला. भागधारकांचं हित ते आपलं हित मानलं, आणि कामगारांचं आरोग्य व कल्याण हा आपल्या यशाचा खात्रीचा पाया मानला.

मला यातला पहिला भाग जास्त आवडतो. ‘आम्ही दानशूर नाही.’ कारण दान मालकाच्या मर्जीवर असतं, आणि मर्जी फिरली की संपतं. धंद्याचा पाया म्हणून केलेली सोय हिशोबाच्या वहीत बसते. तिला खातं असतं, रक्कम असते, तारीख असते. तिच्याबद्दल विचारता येतं. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ या वाक्याबद्दल तुम्ही काय विचारणार? कुटुंबात पगारवाढ मागता येते का?

मिल आणि वस्ती

या नोकरीची किंमत मिलच्या भिंतीबाहेर जास्त कळते. उत्तर नागपुरातला इंदोरा घ्या, त्याला लागून असलेलं बेझनबाग घ्या. बेझनबाग हे नाव बेझनजी मेहतांवरून आलेलं. तिथे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. एम्प्रेस मिलच्या कामगारांच्या वसाहतीचा हा इतिहास आहे.

नागपूरच्या गिरण्यांमध्ये कोष्टी समाजातले विणकर आले, तसे दलित समाजातले कामगारही मोठ्या संख्येनं आले. गावात बलुत्याच्या व्यवस्थेत ज्याला भाकरीसाठी लोकांच्या दारात उभं राहावं लागायचं, त्याच्या हाती महिन्याला रोख पगार आला. त्या पगारातून पोरं शाळेत गेली, वस्तीत वाचनालयं आली, सभा भरल्या, वर्गण्या जमल्या. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात झाली, १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी नागपूर निवडलं. यामागे अनेक कारणं आहेत, पण इथल्या कामगार वस्त्यांची ताकद त्यात आहेच. वसंत मून यांचं ‘वस्ती’ हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा, तेव्हाच्या नागपूरचं दुसरं चित्र दिसेल.

अर्थात गिरणी म्हणजे समतेचं बेट नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना ‘विटाळ’ व्हायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. कंपनी सगळ्यांना सारखी संधी देते असं म्हणते तेव्हा कुठल्या खात्यात कोण बसलंय ते बघा, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आणि कामगार गप्पही नव्हते. रामचंद्र सखाराम रुईकर यांच्यासारखे पुढारी नागपुरात उभे राहिले, गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि देशाच्या कामगार चळवळीत नागपूरचं नाव नेलं. म्हणजे बघा, पेन्शन फंड होता तरी युनियनची गरज लागलीच. चांगल्या मालकाकडेही कामगाराला स्वतःचा आवाज लागतो.

कंपनीचं मासिक, तेही मराठीत

नागपूर थोडं बाजूला ठेवून दोन मिनिटं सांगली जिल्ह्यात जाऊ. कारण नोकरीच्या ब्रँडिंगचा दुसरा पाय म्हणजे ‘कंटेंट’, आणि त्याचं मराठीतलं भन्नाट उदाहरण तिथे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर कारखाना आणि वसाहत वसवली, किर्लोस्करवाडी. नांगर बनवणारा कारखाना, पण अशा ओसाड जागी शिकलेली माणसं येणार कशी? १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची माहिती देणारं घरगुती पत्रक म्हणून ते निघालं, आणि बघता बघता मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडंही आली. एका नांगर कारखान्याचं नाव सुशिक्षित मराठी माणसाच्या दिवाणखान्यात पोचलं ते असं. आज कंपन्या रील बनवतात. यांनी वाचकाला काही तरी वाचण्यासारखं दिलं.

कायदा मागून आला

आता पुन्हा नागपूर, आणि जरा तारखा जुळवू.

एम्प्रेस मिलमध्ये अपघाताची भरपाई १८९५ मध्ये. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये. मधे २८ वर्षं.

एम्प्रेस मिलचा पेन्शन फंड १८८६ मध्ये. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे तुमच्या पीएफचा कायदा १९५२ मध्ये. मधे ६६ वर्षं.

याच समूहाच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला. कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यानं आली १९४६ मध्ये.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, जे आज आपण हक्कानं मागतो ते कधी तरी एखाद्या कंपनीनं माणसं टिकवायला दिलेलं आमिष होतं. आणि दोन, एका कंपनीचं आमिष सगळ्यांचा हक्क व्हायला संप, संघटना आणि विधिमंडळातली भांडणं लागली. एकट्या चांगल्या मालकाच्या भरवशावर ते झालं नसतं.

शेवटचा भोंगा

मग या मिलचं झालं काय?

शंभर वर्षांहून जास्त चाललेली ही मिल १९७० आणि ८० च्या दशकांत थकली. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, देशभरातल्या संयुक्त कापडगिरण्यांवर आलेली अवकळा. नागपूरच्या मॉडेल मिलचीही तीच गत. १९८६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं खास कायदा करून एम्प्रेस मिल ताब्यात घेतली आणि राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपवली. २००२ मध्ये ती बंद झाली. ज्या भोंग्यावर निम्मं शहर घड्याळ लावायचं तो थांबला. पुढे त्या जागेवर मॉल आला.

इथे गोष्टीतली खरी मेख आहे. १८८६ ला ज्यानं वचन दिलं, तो मालक १९८६ नंतर उरला नव्हता. नाव तेच होतं, गेट तेच होतं, भोंगाही तोच. पण ब्रँड टिकला म्हणून वचन टिकतं असं नाही. कामगाराच्या हाती शेवटी काय उरतं? जे त्याच्या नावावर जमा झालंय ते, आणि जे कायद्यानं त्याचं आहे ते. बाकी सगळं समारंभातलं भाषण.

मिहानच्या गेटवर

आज नागपूरची नवी ‘मिल’ म्हणजे मिहान. वर्धा रोडवर, विमानतळाच्या पलीकडे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांचे कॅम्पस तिथे आहेत. एचसीएलनं तर नागपूर, लखनौ, मदुराई, विजयवाडा अशा शहरांसाठी ‘न्यू विस्टाज’ नावाचा वेगळा कार्यक्रमच काढला. त्यामागचा विचार साधा आहे: माणूस बंगळुरूला न्यायचा, तिथे भाडं आणि ट्रॅफिकला कंटाळून तो नोकरी सोडणार, त्यापेक्षा काम त्याच्या गावात न्या.

ओळखीचा वाटतो ना हा हिशोब? जमशेटजींचाच आहे. तेव्हा कच्चा माल कापूस होता, आता कच्चा माल रामदेवबाबा आणि व्हीएनआयटीमधून बाहेर पडणारी पोरं आहेत. मिल कापसाजवळ नेली, तसं ऑफिस पोरांजवळ आणलं.

डोकेदुखीही तीच. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इन्फोसिसमधली गळती २८.४ टक्के होती, म्हणजे वर्षभराच्या मापानं चारातला एक जण सोडून चाललेला. तेव्हा प्रत्येक कंपनीला अचानक ‘कल्चर’ आठवलं. घरून काम, मानसिक आरोग्याची सुट्टी, जॉइनिंग बोनस. मग बाजार थंडावला आणि त्याच आयटी क्षेत्रात ऑफर लेटर हातात असलेल्या फ्रेशर्सना महिनोन्‌महिने जॉइनिंगची वाट बघावी लागल्याच्या बातम्या आल्या. ब्रँडची परीक्षा नेहमी अशा वेळी होते. माणसांची टंचाई असताना सगळेच गोड बोलतात. माणसं रांगेत उभी असताना कोण फोन उचलतं, ते बघायचं.

आजचे ट्रेंड कुठले म्हणाल तर साधारण असे. कंपनीच्या अधिकृत पोस्टपेक्षा कर्मचाऱ्यानं स्वतः लिहिलेल्या अनुभवावर लोकांचा विश्वास जास्त, म्हणून कंपन्या कर्मचाऱ्यांनाच पोस्ट टाकायला सांगतात. ग्लासडोर, अँबिशनबॉक्सवर रेटिंग सांभाळायला वेगळी माणसं बसतात. पगारापेक्षा ‘शिकायला काय मिळेल’ यावर जाहिरातीत भर असतो. आणि लहान शहरांमध्ये ‘घरच्यांजवळ राहा’ हा सगळ्यांत मोठा पत्ता. आईच्या हातचं जेवण आणि सकाळी तर्री-पोहे, याला बंगळुरूचा कुठला कॅफे टक्कर देणार! पण भाऊ, या पत्त्याची दुसरी बाजूही बघा. ‘घरीच तर राहतोस’ म्हणून त्याच कामाला पगार कमी मिळत असेल, तर आईच्या जेवणाचं बिल तुम्हीच भरताय.

सही करण्याआधी

एम्प्रेस मिलच्या गोष्टीतून चार प्रश्न निघतात. पुढच्या मुलाखतीत खिशात ठेवा.

पहिला, काय जमा होतंय? सीटीसीचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात बऱ्याचदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. हातात किती येणार आणि पीएफ कुठल्या रकमेवर कापणार, हे लेखी विचारा. रुजू झाल्यावर दर महिन्याला ईपीएफओच्या पासबुकात नोंद होतेय का ते बघा. कंपनीची भिंत कितीही रंगीत असो, खरं ब्रोशर म्हणजे ते पासबुक.

दुसरा, वाईट दिवशी काय होतं? १८९५ ची भरपाई हात गेलेल्या माणसासाठी होती. तुमच्या कंपनीत कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, एखादं प्रोजेक्ट बंद पडलं, तेव्हा काय झालं? आत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला हेच विचारा. ‘वातावरण कसं आहे’ असं विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळेल.

तिसरा, सोडून गेलेले काय म्हणतात? रिव्ह्यू वाचताना तारीख बघा. एकाच आठवड्यात पाच-पाच स्टारांचा पाऊस पडला असेल, तर तो ढग कुठून आला ते तुम्हाला कळेलच. १८७७ चा संप कुठल्याही जाहिरातीत नव्हता, तरी तोच त्या वर्षाचा सगळ्यांत खरा रिव्ह्यू होता.

चौथा, मालक बदलला तर? कंपनी विकली गेली, युनिट हलवलं, तरी तुमचं काय उरेल? तुमचं कौशल्य, तुमच्या नावावरचा पैसा आणि कायद्यानं दिलेला हक्क. या तिन्हीची काळजी ब्रँड घेत नाही, ती आपणच घ्यायची.

एम्प्रेस मिलला मी खोटं म्हणणार नाही. तिनं कायद्याच्या कितीतरी आधी जे दिलं ते खरं होतं, कारण ते वहीत लिहून, पैसे बाजूला काढून दिलं होतं. म्हणूनच मिल जाऊनही बेझनबागेत आणि इंदोऱ्यात त्या पगारावर उभी राहिलेली घरं आहेत, त्या घरांतून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्या आहेत. त्यातलीच एखादी पोरगी आज मिहानच्या गेटवर कार्ड टेकवून आत जात असेल. तिच्या पणजोबांच्या हजेरीबुकाचा आणि तिच्या कार्डाचा सौदा एकच आहे: माझा दिवस तुला, बदल्यात माझा उद्या सुरक्षित. हा सौदा पाळला जातोय का, एवढंच तपासत राहा.

तुमच्या घरात कुणी एम्प्रेस किंवा मॉडेल मिलमध्ये कामाला होतं का? आजी-आजोबा असतील तर त्यांना आज रात्री जेवताना विचारा, भोंगा किती वाजता व्हायचा. आणि ते जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मालकांची चरित्रं छापून झालीत, कामगारांची अजून बाकी आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, काळजी घ्या आणि पासबुक बघा!